काळी शाई संपत आली आहे

हे मी डाव्या हाताने लिहितेय, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, जे घडलं ते क्रमाने लिहून द्या आणि काही गाळू नका." गाळावंसं वाटेल असं बरंच आहे, आणि ते सगळं माझ्याच वाट्याचं आहे. तरी लिहिते.

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन आणि हातात वायर. कुणी नंबर मागितला की जोडून द्यायचा, पलीकडून "हॅलो" आलं की आपले कान काढून घ्यायचे. कोण कुणाशी कशाला बोलतंय हे विचारायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम माणसाला धरून ठेवण्याचा. लाइन मोकळी नसली की पलीकडचा माणूस तापतो, आता रिसीव्हर आपटणार हे त्याच्या श्वासावरून कळतं. मग त्याच्याशी काहीबाही बोलायचं, आणि "जोडतेच आहे" असं एकदाच म्हणायचं. दोनदा म्हटलं की त्याला कळतं, ही बाई आपल्याला झुलवतेय. या दोन्ही कामांत माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी नाही, आमचे सुपरवायझर सांगायचे.

माझी भाची, म्हणजे माझ्या गेलेल्या बहिणीची मुलगी, बारा दिवसांपूर्वी सकाळी सात वाजता माझ्या दारात उभी राहिली. सहा वर्षांत आमची गाठभेट नव्हती. तिच्या नवऱ्याने एकेक करून सगळी माणसं तोडली होती, त्यात माझा नंबर लवकर लागला कारण माझी जीभ जरा लांब. नंतर मी निवृत्त झाले आणि या दोन खोल्यांत राहायला आले. भाचीला मी कुणाच्यातरी हाती एका कागदावर पत्ता पाठवला होता, तो तिने पाठ करून जाळला. नवऱ्याला मी कुठल्या गावात राहते तेसुद्धा ठाऊक नव्हतं. भाचीच्या एका हाताला तिची सात वर्षांची मुलगी होती, पाठीवरच्या पिशवीत छोटा कॉम्प्युटर आणि दुसऱ्या काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी अवजड. माणसं घर सोडताना दागिने उचलतात. हिने प्रिंटर उचलला होता.

"अगं, हे काय?" मी विचारलं.

"हे माझं पोट आहे, मावशी," ती म्हणाली.

आणि ते खरंच होतं. भाची कपड्यांच्या कटिंगचे नमुने काढते. कॉलर, बाही, खिसा, पाठ, सगळं कॉम्प्युटरवर मापाने आखायचं, साध्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापायचं, ते कागद चिकटवून मोठा नमुना करायचा आणि तो शिंप्यांना द्यायचा. हाताने आखायचं आता तिला जमत नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत.

ती बोटं कशी मोडली हे तिने मला चौथ्या दिवशी सांगितलं, बटाटे सोलताना, वर न बघता. "तो कधी ओरडत नाही, मावशी. शेजाऱ्यांना विचार, देवमाणूस म्हणतील. तो टेबलाचा ड्रॉवर उघडतो आणि म्हणतो, हात इकडे आण."

"आणि तू?"

"मी आणते. नाही आणला तर तो मुलीकडे बघतो."

मला त्या क्षणी सुरी घेऊन उठावंसं वाटलं. उठून जाणार कुठे? मी उरलेले बटाटे सोलले. शेवटच्या वेळी त्याने तिला बजावलं होतं, पुन्हा गेलीस तर मी शोधून काढीन, मुलगी माझ्याकडे येईल, आणि मग तुझी काही गरज उरणार नाही. हे तो चहात साखर किती हवी ते सांगावं तसं म्हणाला होता.

वकीलबाईंनी अर्ज टाकला. मुलगी आईकडे राहावी आणि त्याने दोघींच्या जवळपास फिरकू नये, असा. तारीख मिळाली बावीस दिवसांनंतरची. "तोवर एकच करायचं," वकीलबाई म्हणाल्या, "पत्ता कुणाला कळता कामा नये. बाकी सगळं मी बघते."

बावीस दिवस तोंड बंद ठेवायचं, एवढंच. जिने एकतीस वर्षं आख्ख्या शहराची गुपितं कानाआड केली तिला हे काय जड!

भाची मात्र झोपताना चपला उशाशी घेऊन झोपायची. मुलीच्यासुद्धा. मुलीला मी खारूताई म्हणते, कारण ती बिस्किटं उशीखाली साठवते. आधी मला तिचं हसू यायचं. मग कळलं की त्या घरात स्वयंपाकघराला कुलूप असायचं, आणि हसू यायचं थांबलं.

मंगळवारी भाचीला काम मिळालं. एका हॉटेलच्या वेटरांची जाकिटं, पाच मापांची. तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. नमुने गुरुवारपर्यंत द्यायचे होते. प्रिंटर कॉम्प्युटरला जोडायची वायर मात्र त्या घरीच राहिली होती.

"वायर कशाला हवी? वायफायला जोड की," मी म्हटलं. माझ्याकडे राउटर आहे. मी काही अगदीच अडाणी नाही.

"नको मावशी, राहू दे. वकीलबाईंकडे सह्या करून येते, येताना वायर आणते," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली. का नको, ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायची मला सवय नाही. मला वाटलं, पोरगी संकोचतेय. मावशीच्या घरात राहतोय, आणखी तिचं इंटरनेट कशाला वापरा. मी ठरवलं, ही परत येईपर्यंत मशीन चालू करून ठेवायचं. तिचा चेहरा एकदा फुललेला बघायचा होता मला, बस.

म्हणजे करायला गेले एक.

प्रिंटर आतल्या खोलीत टेबलावर ठेवला आणि चालू केला. मशीनने आधी कण्हून घेतलं, मग कपाळावर एक निळा दिवा लुकलुकायला लागला. छोट्याशा पडद्यावर आसपासच्या वायफायची यादी आली. माझ्या राउटरची दोन नावं दिसायला हवी होती, दिसलं एकच. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला फोन केला तेव्हा कळलं, अशा मशीनला दोन्हीतलं धीम्या चालीचंच दिसतं. तेच निवडलं. पासवर्ड राउटरच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला. भिंग लावून वाचला, बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर घातलं. चुकला. पुन्हा घातला, पुन्हा चुकला. मी ज्याला ओ समजत होते ते शून्य होतं. तिसऱ्या वेळी दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर झाला. खरं सांगते, मला एक्स्चेंजमधल्या पहिल्या दिवसाची आठवण झाली. लागली लाइन!

तिथे थांबले असते तर आज उजव्या हाताने लिहीत असते.

पडद्यावर आलं, "जुन्या खात्याची माहिती सापडली. तीच वापरायची का?" मी 'हो' दाबलं. मशीन भाचीचं, म्हणजे खातं भाचीचं, असा माझा हिशेब. मग आलं, "शाई घरपोच योजना चालू आहे. शाई संपत आली की या पत्त्यावर पाठवली जाईल." खाली पत्ता होता, त्या घराचा.

 म्हणजे इथे शाई संपणार आणि तिथे त्याच्या दारात डबी जाऊन पडणार! तो काय दुधखुळा आहे? त्याला लगेच कळणार की मशीन कुठेतरी चालू झालंय. बरं झालं मी वेळेवर पाहिलं, असं मी स्वतःलाच म्हटलं. एखाद्याने घर बदललं की आम्ही एक्स्चेंजमध्ये पहिलं काम करायचो ते जुना पत्ता काढून नवा घालण्याचं. मग जुन्या घरी काहीही जात नाही. मी 'पत्ता बदला' दाबलं आणि पंधरा मिनिटं बसून एकेक अक्षर करत माझा पत्ता घातला. इमारत, मजला, खोली क्रमांक, रस्ता, गाव. नाव मात्र घातलं नाही. तेवढी मी हुशार!

पडद्यावर क्षणभर आलं, "खातेदाराला कळवण्यात आले आहे." आणि मशीनने एक पान बाहेर टाकलं, रंगीत पट्ट्यांचं. मी ते खारूताईसाठी भिंतीवर लावलं.

भाची दीड वाजता आली. तिने भिंतीवरचं पान पाहिलं, निळा दिवा पाहिला आणि मला मिठी मारली. लहानपणी मारायची तशी, पूर्ण वजन टाकून. मग एकदम मागे झाली.

"मावशी, मशीनने जुन्या खात्याचं काही विचारलं नाही ना?"

"का गं?"

"सगळी खाती त्याच्या नावावर असायची. फोनचं, बँकेचं, याचंसुद्धा. त्याच्या फोनवर सगळं दिसायचं, मी किती पानं छापली, किती वाजता छापली. बाहेरून फोनवरूनच तो यावर पानही छापायचा. म्हणून तर मी वायर आणणार होते."

 तिच्या तोंडावर अजून मघाचं हसू शिल्लक होतं. सहा वर्षांनी पाहिलेलं.

"नाही गं," मी म्हटलं. "काही नाही विचारलं."

वकीलबाई, गाळू नका म्हणालात ना? हे ते. मी खोटं बोलले. तिला तेव्हाच सांगितलं असतं तर तिला आख्खा एक दिवस मिळाला असता. मी स्वतःला समजावलं, आपण घातलेला घोळ आपणच निस्तरू, पोरीला कशाला घाबरवायचं? पण खरी गोष्ट एवढीच की मला माझी फजिती सांगवली नाही.

ती जाकिटांचे नमुने छापत बसली आणि मुलगी कागदांच्या ढिगाशेजारी गुणगुणत. दोघी अंघोळीला गेल्या तेव्हा मी गुपचूप मशीनपाशी जाऊन खातं पुसायला बघितलं. खात्याचा पासवर्ड मागितला. भाचीचा वाढदिवस घालून पाहिला, खारूताईचा घालून पाहिला. तिसरा प्रयत्नही चुकला तेव्हा पडद्यावर पुन्हा आलं, "खातेदाराला कळवण्यात आले आहे."

मी भिंतीतून प्लग उपसला. मग विचार केला, बंद दिसलं तर भाची विचारेल. पुन्हा लावला. निळा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. या वेळी त्याला माझी गरजसुद्धा लागली नाही.

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत होतो. भाची कागद चिकटवत होती, खारूताई तिला चिकटपट्टीचे तुकडे देत होती. आत प्रिंटर कण्हला.

"तू काही छापायला दिलंस?" मी विचारलं.

भाचीने मान हलवली. तिचे हात कागदावरच थांबले होते. आत रोलर फिरल्याचा, कागद ओढल्याचा आवाज आला, आणि एक पान ट्रेमध्ये पडलं. खारूताई धावत गेली आणि ते घेऊन आली. तिला हल्लीच वाचता यायला लागलंय, त्यामुळे सगळं मोठ्याने वाचते.

"काळी शाई संपत आली आहे," तिने वाचलं. "येताना आणतो."

खाली नाव नव्हतं. भाचीला नावाची गरज पडली नाही. ती इतकी शांत झाली की मला तिची जास्त भीती वाटली. तिने मुलीच्या हातातून कागद घेतला, त्याची घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पत्ता?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चपला घाल, बाळा," आणि फोन उचलला.

तुम्ही तिला फोनवर काय सांगितलंत, वकीलबाई, ते मी ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला आणि ती बोलायची थांबेपर्यंत सोडून ठेवला. कान काढून घेण्याचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तिने मला एवढंच सांगितलं की बस साडेचारला सुटते. कुठली ते नाही. बसस्टँड आमच्याकडून चालत दहा मिनिटांवर, आणि गावात दुसरा स्टँड नाही. तिने पोलिसांनाही फोन केला, ते म्हणाले, तासाभरात गाडी पाठवतो.

"तू पण चल," भाची दारात म्हणाली.

"हे गुडघे घेऊन? आणि तो येऊन कुलूप बघेल, मग सरळ स्टँडवर जाईल. तू नीघ."

खारूताईने उशीखालची बिस्किटं काढून खिशात भरली. दोन माझ्या हातावर ठेवली. त्या दोघी जिना उतरल्या तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मागच्या गल्लीने, चार घरांच्या आडून जायचं आणि बस लागेपर्यंत स्टँडवरच्या बायकांच्या खोलीत बसून राहायचं, असं ठरलं होतं.

मी दंतवैद्याला फोन केला. त्याच्याकडे माझ्या दाराची दुसरी चावी असते, ती पोलिसांना द्यायला सांगितली. तो बिचारा कुणाच्यातरी दाढेत गुंतलेला होता, "हो हो" म्हणाला. मग मी आत गेले. जाकिटाच्या पाठीचा एक कागद मशीनच्या झेरॉक्स काढायच्या काचेवर ठेवला, ट्रेमध्ये मावतील तेवढे कागद भरले आणि हात बटणावर ठेवून वाट बघत बसले.

चार वाजून पाच मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. मी नव्व्याण्णव प्रती मागितल्या, बटण दाबलं, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरचं उघडलं.

"मावशी," तो म्हणाला. "ओळखलंत ना?"

इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात शाईची छोटी खोकी. सहा वर्षांत त्याचा एक केस पांढरा झाला नव्हता.

"जावईबापू! या, या," मी म्हटलं.

तो आत आला. मी दारातल्या कुलपाची चावी आतून फिरवली आणि खिशात टाकली. त्याने ते पाहिलं.

"दिवसाढवळ्या कुलूप?"

"बायकांचं घर आहे. सवय लागलीय."

तो हसला. त्याला ते आवडलं. कुणी बाहेर जाऊ शकत नाही ही गोष्ट त्याला मनापासून आवडते, हे मला तेव्हा दिसलं. तो टेबलाच्या खुर्चीवर बसला आणि त्याने मान किंचित तिरकी केली. आत पान पडलं. थोड्या वेळाने दुसरं पडलं.

"काम चाललंय वाटतं."

"मोठं काम आहे. मध्येच उठली तर माप चुकतं. संपलं की येईलच." हे मी एकदाच म्हटलं.

"येऊ दे की. मला कुठे घाई आहे?" तो म्हणाला. आणि खरंच नव्हती. मी मनात त्यावरच तर भिस्त ठेवली होती. ज्या माणसाला हात इकडे आण म्हणायची सवय आहे, तो स्वतः उठून हात धरायला जात नाही. तिने आपल्या पायांनी बाहेर यावं आणि त्याला बसलेलं बघावं, ते तोंड त्याला बघायचं होतं.

मी बोलत राहिले. रस्ता कसा होता, गाडीने आलात की कसे, तुमच्या आईचे डोळे आता कसे आहेत. त्याचा श्वास ऐकत राहिले. चार बारा. चार सतरा. तो अगदी गोड उत्तरं देत होता आणि खोलीभर नजर फिरवत होता. ती नजर दारापाशी जाऊन थांबली.

"तिच्या चपला दिसत नाहीत."

 खरं सांगायला विचार करावा लागत नाही.

"उशाशी घेऊन झोपते ती चपला. मुलीच्यासुद्धा. तुमच्या घरून आल्यापासून हीच तऱ्हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यांतला ताण गेला आणि तो पुन्हा मागे टेकला. कुणीतरी आपली इतकी आठवण ठेवतं, याचा त्याला आनंद झाला होता. 

चार एकवीसला मशीन थांबलं. एक शिट्टीसारखा आवाज आला, आणि त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने फोन काढून पाहिला आणि हसला.

"सांगितलं होतं ना? संपली." त्याने खोकी माझ्यापुढे धरली. "द्या तिला. म्हणावं, मी आणलीय."

मी खोकी घेऊन आत गेले आणि दार लावलं. "घे गं, शाई," मी रिकाम्या खोलीला मोठ्याने म्हटलं. एकतीस वर्षं मी दोन्हीकडे माणसं असल्याशिवाय बोलले नव्हते. झाकण उघडलं. जुनी डबी निघेना. मी तशी कधी काढली नव्हती. नखाने टोकरून निघाली, नवी तिसऱ्या प्रयत्नाला बसली. पडद्यावर प्रश्न आला, "पुढे चालू ठेवायचे का?" मी हो दाबलं. मशीन कण्हलं आणि त्याने आणलेल्या शाईने पान काढायला लागलं. मग मी खिडकी उघडली, खिशातली दाराची चावी काढली आणि खाली कुंपणात टाकून दिली. ती पडल्याचा आवाज आला नाही.

बाहेर आले तेव्हा चार सत्तावीस झाले होते.

"काय म्हणाली?"

"काही नाही. रडतेय."

त्याने समाधानाने शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. साडेचार झाले. मी घड्याळाकडे पाहायचं टाळत होते, पण काटा डोळ्यांच्या कोपऱ्यात सरकलाच. बस सुटली असेल. नसेलही, आमच्या बसेस कधी वेळेवर सुटल्यात? चार पस्तीस. स्टँडवरून निघालं की पाव तासाने पूल लागतो, तो ओलांडला की पुढे चार रस्ते फुटतात. मला त्याला पूल लागेपर्यंत धरायचं होतं.

चार एक्केचाळीसला आत कागद संपले.

फोन वाजला, त्याने पाहिला आणि वाट बघितली. एक मिनिट. दोन मिनिटं. आत कुणी खुर्ची सरकवली नाही, कुणी नाक ओढलं नाही. त्याने मान पुन्हा तिरकी केली, आणि मला त्याचा श्वास बदललेला ऐकू आला. तो उठला आणि त्याने आतलं दार उघडलं.

ट्रे केव्हाच भरून वाहिला होता. टेबलाखाली, गादीवर, जमिनीवर सगळीकडे जाकिटाच्या पाठी पडल्या होत्या. निळा दिवा चालू होता. तो तिथे किती वेळ उभा राहिला मला ठाऊक नाही. परत आला तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने बाहेरच्या दाराची कडी एकदा हलवून पाहिली, मग खुर्ची ओढून टेबलापाशी बसला.

"चावी?"

"खिडकीबाहेर."

"बरं," तो म्हणाला. "कुठे आहे ती?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. ते सांगितलं असतं तर त्याने खिडकी, दार, काहीतरी फोडलं असतं आणि स्टँड गाठला असता. साडेचारची बस कुठली, हे तिथला कुणीही सांगतो.

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "पण सांगणार नाही."

दोन दिवसांतलं हे माझं दुसरं मोठं खोटं. पहिल्याची लाज मरेपर्यंत राहील. याची नाही.

त्याने टेबलाचा ड्रॉवर हळूच बाहेर ओढला. माझाच ड्रॉवर, आत भिंग, रबरबँड, खारूताईची दोन बिस्किटं.

"हात इकडे आणा, मावशी."

घड्याळात पाच वाजायला चौदा मिनिटं होती. माझा हात त्या ड्रॉवरात असेपर्यंत तो या खुर्चीवर असणार, एवढंच मला सुचलं.

मी आणला.

पोलीस पाच वाजून दोन मिनिटांनी आले, दंतवैद्याला आणि चावीला घेऊन. तोवर दोन बोटं झाली होती आणि त्याने अकरा वेळा विचारलं होतं. मी मोजत होते. अकराही वेळा मी म्हटलं, ठाऊक आहे, सांगत नाही.

हे झालं त्याला सहा दिवस झाले. काल त्याला जामीन मिळाला. तारखेला अजून चौदा दिवस आहेत, वकीलबाई, आणि तुम्ही म्हणता मी घर सोडून कुठेतरी जावं. तुमचं म्हणणं पटतं. पण त्याला अजून वाटतं की पत्ता मला ठाऊक आहे. ज्याला असं वाटतं तो दुसरीकडे शोधत फिरत नाही, इथे येतो.

म्हणून पोलिसांनी उपसलेला प्लग मी पुन्हा लावलाय. कागद भरलेत. शाई भरपूर आहे, त्यानेच आणलेली. रोज सकाळी एक पान काढते, म्हणजे त्याच्या फोनवर दिसेल की घरात कुणीतरी आहे. निळा दिवा आत्ता, हे लिहिताना, माझ्या समोर स्थिर आहे.